'द ब्लॅक कॉल्ड्रन' (१९८५): कापलेली बारा मिनिटे आणि त्यांच्याबरोबर गेलेली भीती

अक्षरवाट (धागाकर्ता)

डिस्नीच्या इतिहासात 'द ब्लॅक कॉल्ड्रन' या ॲनिमेशनपटाची नोंद बहुतेक वेळा आकड्यांतच उरकली जाते. निर्मितीखर्च ४ कोटी ४० लाख डॉलर, अमेरिकेतील उत्पन्न सुमारे २ कोटी १० लाख, आणि त्याच वर्षी आलेल्या 'द केअर बेअर्स मूव्ही' या लहानग्यांच्या साध्या चित्रपटाने त्याहून अधिक जमवलेला गल्ला. एवढे सांगून झाले की चित्रपट टाकाऊच असणार, असे गृहीत धरले जाते. मी तो अलीकडे पुन्हा लक्षपूर्वक पाहिला. माझ्या मते या चित्रपटात एक चांगला, धाडसी चित्रपट जागोजागी दिसतो आणि तो नेमका कोणत्या ठिकाणी मोडला, हेही बोट ठेवून दाखवता येते.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन लेखक लॉइड अलेक्झांडर यांनी १९६४ ते १९६८ या काळात वेल्सच्या पुराणकथांचा आधार घेऊन प्रिडेन या कल्पित देशाविषयी पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या शेवटच्या कादंबरीला १९६९ साली बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले. डिस्नीने १९७१ मध्ये या मालिकेचे हक्क घेतले आणि पहिल्या दोन पुस्तकांवरून पटकथा रचली. टॅरन हा डुकरे सांभाळणारा पोरगा, भविष्य दाखवणारी हेन वेन ही डुकरीण, आयलॉन्वी ही राजकन्या, फ्लुडर फ्लॅम हा भाट आणि गुर्गी हा अर्धा माणूस, अर्धा प्राणी असलेला केसाळ जीव, अशी ही मंडळी आहेत. त्यांच्या विरोधात हॉर्न्ड किंग उभा आहे, आणि मेलेल्या सैनिकांना उठवणारी काळी कढई त्याला हवी आहे. टेड बर्मन आणि रिचर्ड रिच हे दिग्दर्शक होते, तर जो हेल हे निर्माते. हॉर्न्ड किंगला जॉन हर्ट यांचा आवाज आहे आणि तो कुजबुजल्यासारखा आवाज आजही अंगावर काटा आणतो.

हक्क घेतल्यापासून चित्रपट पडद्यावर येईपर्यंत चौदा वर्षे गेली. जुने ॲनिमेटर निवृत्तीकडे झुकलेले होते आणि नव्यांची तयारी झालेली नाही, असे त्या वेळचे प्रमुख रॉन मिलर यांना वाटत होते, म्हणून काम लांबत गेले. सप्टेंबर १९७९ मध्ये डॉन ब्लुथ आणि त्यांच्याबरोबर ॲनिमेटरांचा एक मोठा गट कंपनी सोडून गेला, तेव्हा तर सगळ्याच वेळापत्रकांचा बोजवारा उडाला. पुढे १९८४ च्या सप्टेंबरमध्ये मिलर यांनाच जावे लागले आणि मायकेल आइस्नर व फ्रँक वेल्स यांच्या हाती कंपनी आली. चित्रपटविभागाची सूत्रे जेफ्री कॅट्झेनबर्ग यांच्याकडे गेली. ते पॅरामाउंटमधून आले होते, म्हणजे त्यांचा सगळा अनुभव नटनट्यांच्या चित्रपटांचा होता. 'द ब्लॅक कॉल्ड्रन' तेव्हा जवळजवळ तयार होता आणि नाताळात प्रदर्शित व्हायचा होता.

बरबँक येथे स्टुडिओच्याच चित्रगृहात चाचणीसाठी खेळ झाला. कढईतून मृतांचे सैन्य उठते त्या प्रसंगाला मुले घाबरली आणि पालक त्यांना घेऊन बाहेर पडू लागले. कॅट्झेनबर्ग यांनी काही दृश्ये कापण्याचा आदेश दिला. ॲनिमेशनपट असा कापता येत नाही, असे हेल यांनी सांगताच त्यांनी रिळे संकलनकक्षात मागवली आणि ते स्वतःच कापायला बसले. हेल यांनी आइस्नर यांना कळवले, आइस्नर यांनी मध्ये पडून ते थांबवले, पण चित्रपटात बदल करावेच लागतील हे त्यातून ठरून गेले. प्रदर्शन जुलै १९८५ पर्यंत पुढे ढकलले गेले आणि सुमारे बारा मिनिटांचा भाग गेला. उरलेला चित्रपट ८० मिनिटांचा आहे.

हेल यांच्या त्या उत्तरात हट्ट होता असे मला वाटत नाही. नटांचे चित्रीकरण करताना एकच प्रसंग चार कोनांतून, पाच वेळा टिपलेला असतो, त्यामुळे संकलकापुढे गरजेपेक्षा कितीतरी अधिक फिल्म पडलेली असते आणि त्यातून चित्रपट घडवणे हेच त्याचे काम असते. ॲनिमेशनमध्ये हा क्रम उलटा आहे. आधी रेखाटनांची फलके लावायची, मग त्या रेखाटनांचेच रीळ करून त्यावर आवाज चढवायचा, पुन्हापुन्हा पाहून हवे ते ठेवायचे, नको ते काढायचे, आणि मगच हाताने रंगवायला घ्यायचे, कारण एकेका सेकंदासाठी बारा ते चोवीस चित्रे लागतात. संकलन चित्रे काढण्यापूर्वीच झालेले असते. तयार झालेल्या चित्रपटात शिल्लक असे काही उरत नाही, आणि म्हणून तिथे कात्री चालवली की दोन टोके जोडायला मध्ये ठेवण्याजोगे दुसरे दृश्यच नसते.

आता त्या प्रसंगाकडे पाहा. कढईतून हिरवट धूर पसरतो, सांगाडे उठतात, तलवारी उचलतात, किल्ल्याच्या पुलावरून चालू लागतात. प्रसंगाची उभारणी विलक्षण आहे. पण त्यानंतर हे सैन्य कोणाचे काही बिघडवतच नाही. थोड्या वेळाने गुर्गी कढईत उडी घेऊन जीव देतो, त्याने तिची शक्ती संपते आणि सगळे सांगाडे जागच्या जागी कोसळतात. कापलेल्या भागात हेच मृत सैनिक हॉर्न्ड किंगच्या जिवंत माणसांवर उलटतात. एकाचा गळा चिरला जातो, दुसऱ्याचे शरीर त्या धुरात विरघळते. मृतांना आपला आणि परका हा भेद कळत नाही, ते ज्याने उठवले त्याच्याही माणसांना सोडत नाहीत, ही गोष्ट तिथे डोळ्यांना दिसत होती. ती गेल्यामुळे कढई भयंकर आहे हे आपल्याला फक्त ऐकून मानावे लागते. सुरुवातीला जॉन ह्यूस्टन यांच्या निवेदनात ऐकायचे, मग कढई राखणाऱ्या चेटकिणींच्या तोंडून ऐकायचे, आणि प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा ती काहीच करत नाही. मग गुर्गीचे उडी घेणे कशासाठी?

माझा मुद्दा एवढाच आहे. मुलांना भीती वाटू नये म्हणून जे कापले, त्याच भीतीच्या आधारावर त्या बलिदानाचे मोल उभे होते.

दीपस्तंभ

लेख आवडला आणि ॲनिमेशनच्या संकलनाविषयीचा परिच्छेद तर फारच, तरीही मी असहमत आहे. बारा मिनिटे परत मिळाली तरी हा चित्रपट सावरेल असे मला वाटत नाही, कारण मोठी कापणी पटकथेतच झाली होती.

मूळ पुस्तके वाचलेल्यांना आठवेल की पहिल्या पुस्तकातला हॉर्न्ड किंग हा एक सरदार आहे. खरा शत्रू अरॉन, मृत्यूचा अधिपती. चित्रपटात अरॉनही नाही आणि टॅरनला वाट दाखवणारा राजपुत्र ग्विडियॉनही नाही. मेळ बसवण्यासाठी व्यक्तिरेखा गाळाव्या लागतात, हे मान्य आहे. पण एलिडिर गाळला, ते मला अक्षम्य वाटते. एलिडिर हा दरिद्री झालेला, गर्वाने जळणारा राजपुत्र. तो टॅरनला पदोपदी हिणवतो, त्याचा द्वेष करतो, कढई सापडल्याचे श्रेय स्वतःकडे ओढतो, आणि अखेरीस तोच माणूस स्वतःला त्या कढईत झोकून तिचा भंग करतो. तो मरतो आणि परत येत नाही. ज्याच्याविषयी आपल्या मनात राग साठला आहे, त्याच्याच मरणाने आपण वाचतो, हा अनुभव देणारी बालसाहित्यातली पुस्तके फार थोडी आहेत.

चित्रपटाने ते काम गुर्गीकडे दिले. गुर्गी सगळ्यांचा लाडका, त्यामुळे त्याच्या मरणात कसलाही पेच नाही; आणि पुढच्या पाच मिनिटांत तो परतही येतो. चेटकिणींबरोबरच्या सौद्याचेही तसेच. पुस्तकात टॅरनला कढईच्या बदल्यात अडेऑन या सोबत्याने मरताना दिलेले वस्त्राला टाचायचे भूषण (ब्रोच) द्यावे लागते. ते अंगावर असताना त्याला स्वप्नांतून पुढचे दिसत असते, जगाकडे पाहण्याची एक वेगळीच समज आलेली असते, आणि ती समज तो जाणूनबुजून देऊन टाकतो. चित्रपटात तो तलवार देतो. कॅट्झेनबर्ग यांनी यातले काहीच कापलेले नाही.

अक्षरवाट

दीपस्तंभ, एलिडिरविषयी तुम्ही लिहिलेले सगळे पटते. परंतु तलवारीच्या बाबतीत मी चित्रपटाची बाजू घेईन. या टॅरनला पहिल्या दृश्यापासून योद्धा व्हायचे आहे आणि हाती आलेली जादूची तलवार ही त्याची एकमेव कमाई आहे. शेवटी चेटकिणी कढई न्यायला येतात तेव्हा ती तलवार परत मिळवण्याची संधी त्याच्यापुढे असते आणि तो तिच्याऐवजी गुर्गीला मागतो. डुकरे राखणारा पोरगा डुकरे राखणाराच म्हणून घरी परततो, आणि त्याचे त्याला दुःख नसते. त्या काळच्या पडद्यावरच्या तलवारबहाद्दर नायकांच्या गर्दीत हा शेवट वेगळा आहे. स्वतः अलेक्झांडर यांनीही चित्रपटाचे आणि पुस्तकाचे काही साम्य नाही असे सांगून, चित्रपट म्हणून तो आपल्याला आवडल्याचे म्हटले होते.

आणि तुमच्याच मुद्द्यातून माझे म्हणणे बळकट होते. पटकथेने बलिदान सौम्य केले होते. ते तोलून धरायला भीतीचे एकच वजन उरले होते, आणि नेमके तेच काढून घेतले गेले.

रानफूल

कढईच्या मूळ कथेविषयी थोडी भर घालते. वेल्सच्या 'मॅबिनोगी' या जुन्या कथासंग्रहाच्या दुसऱ्या शाखेत, म्हणजे भागात, ब्रान्वेनच्या कथेत, पुनर्जन्माची कढई येते. ब्रिटनचा राजा ब्रान ती आयर्लंडच्या राजाला, आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, झालेल्या अपमानाची भरपाई म्हणून भेट देतो. मारला गेलेला वीर तिच्यात टाकला की दुसऱ्या दिवशी तो पूर्वीसारखाच लढू शकतो, पण त्याची वाचा गेलेली असते. पुढे याच दोन राज्यांत युद्ध पेटते आणि दिलेली भेट देणाऱ्यावरच उलटते. तेव्हा एव्हनिस्येन हा ब्रानचा सावत्र भाऊ, ज्याच्या दुष्टपणामुळे हे सगळे ओढवलेले असते, तो शत्रूच्या प्रेतांत मिसळून पडून राहतो. प्रेत समजून त्याला कढईत टाकतात, तो आत अंग ताणतो, कढईचे चार तुकडे होतात आणि त्याचे हृदयही फुटते.

एलिडिर कुठून आला, हे यावरून लक्षात येईल. ज्याच्या हातून अनर्थ झाला त्यानेच तो आपल्या देहाने निस्तरायचा, ही त्या कथेची मूळ घडण आहे. अलेक्झांडर दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून वेल्समध्ये राहिले होते. पुढे त्यांनी ही सामग्री किती समजून वापरली, ते इथे दिसते.

आपल्याकडे मेलेल्यांना उठवणारी गोष्ट म्हटली की शुक्राचार्यांची संजीवनी आठवते. तिथे कच पुन्हापुन्हा जिवंत होतो तो कच म्हणूनच. त्याची ओळख, त्याची निष्ठा, त्याची वाचा सगळे शाबूत असते. वेल्सच्या कढईतून जे परत येते ते केवळ शरीर असते. म्हणून ती विद्या हवीशी वाटते आणि ही कढई भयानक वाटते. अक्षरवाट म्हणतात तो कापलेला भाग मला याच कारणाने महत्त्वाचा वाटतो. आपल्याच बाजूच्या माणसाला न ओळखणारा मृत सैनिक हे त्या जुन्या कथेतल्या मुक्या वीराचेच रूप होते.

गडकोट

इथे कॅट्झेनबर्ग यांची बाजू कोणीच मांडलेली नाही, म्हणून लिहितो. मी लहान मुलांचा बाप आहे. डिस्नीचे नाव पाहून पालक चार-पाच वर्षांच्या मुलाला निश्चिंतपणे आत नेतात. तो विश्वास त्या कंपनीने अनेक दशके जपून मिळवलेला होता आणि मुले रडत बाहेर पडत असतील, तर प्रमुखाने काहीच न करणे हा त्याचा कर्तव्यभंग ठरला असता. कापणी होऊनही डिस्नीच्या ॲनिमेशनपटांत पालकांच्या मार्गदर्शनाचे, म्हणजे पीजी प्रमाणपत्र मिळालेला हा पहिलाच चित्रपट होता. न कापता तो आला असता तर कदाचित त्याहून कडक प्रमाणपत्र मिळाले असते आणि उत्पन्न आणखी घटले असते. शिवाय ज्यांना आपण आज खलनायक ठरवतो आहोत, त्यांच्याच कारकिर्दीत पुढे 'द लिटल मर्मेड' आणि त्यानंतरचे सगळे वैभव आले.

अक्षरवाट

गडकोट, मुलांच्या भीतीविषयीची तुमची काळजी रास्त आहे. पण त्यावरचा उपाय प्रमाणपत्र आणि प्रामाणिक जाहिरात हा होता. हा चित्रपट मोठ्या मुलांसाठी आहे, असे स्वच्छ सांगता आले असते. प्रत्यक्षात जो आला तो छोट्यांसाठी अजूनही भीतिदायकच राहिला. हॉर्न्ड किंगला कढई ओढून घेते आणि त्याच्या देहाच्या चिंधड्या होतात, ते दृश्य तसेच आहे! आणि मोठ्यांसाठी तो अर्धवट झाला. कापणीतून कोणत्याही प्रेक्षकाचा लाभ झाला नाही.

'द लिटल मर्मेड'चे उदाहरण तुम्ही दिलेत ते बरे झाले. त्या चित्रपटाच्या चाचणी-खेळात एरिएलचे 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड' हे गाणे चालू असताना मुले चुळबुळ करू लागली, म्हणून तेच गाणे काढून टाकावे असा कॅट्झेनबर्ग यांचा आग्रह होता. गीतकार हॉवर्ड ॲशमन, दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स व जॉन मस्कर आणि ॲनिमेटर ग्लेन कीन यांनी कडाडून विरोध केला आणि गाणे राहिले. आज त्या गाण्याविना त्या नायिकेची कल्पनाही करता येत नाही. चाचणी-खेळातली चुळबुळ पाहून कात्री उचलण्याची सवय तीच होती. या वेळी समोरची माणसे हटली नाहीत आणि चित्रे अजून पूर्ण व्हायची होती. हेल यांच्या बाजूने असे कोणी उभे राहू शकले नाही, कारण ज्यांनी त्यांना हे काम सोपवले होते ते मिलर तोवर गेलेले होते.

मस्कर सुरुवातीला याच 'ब्लॅक कॉल्ड्रन'च्या दिग्दर्शकांत होते, हेही इथे नोंदवतो. जुन्या मंडळींशी मतभेद झाल्यावर ते आणि क्लेमेंट्स 'द ग्रेट माऊस डिटेक्टिव्ह'कडे वळले. त्यामुळे दीपस्तंभ म्हणतात तसा बिघाड कात्रीच्या आधीपासून होता, हे मला मान्य करावेच लागेल.

सप्तरंग

चित्रांविषयी कोणीतरी लिहायला हवे होते. हा चित्रपट ७० मिलिमीटरच्या रुंद चौकटीसाठी केला होता, आणि १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'नंतर डिस्नीने ॲनिमेशनसाठी तो खटाटोप पहिल्यांदाच केला. एवढी रुंद चौकट हाताने भरायची म्हणजे पार्श्वचित्रकाराला प्रत्येक कोपऱ्याचा विचार करावा लागतो. किल्ल्यातले उंच जिने, दलदलीतले धुके, कढईच्या दालनातला हिरवा प्रकाश थांबवून पाहा. संगणकाने काढलेल्या आकृतींचा वापरही डिस्नीच्या ॲनिमेशनपटात इथेच प्रथम झाला. आयलॉन्वीबरोबर तरंगणारा प्रकाशगोल हे त्याचे सहज ओळखू येणारे उदाहरण.

मेल शॉ यांनी या प्रकल्पासाठी पेस्टलमध्ये काढलेली संकल्पचित्रे पाहिली की चित्रपट किती गूढ होऊ शकला असता याची कल्पना येते. तरुण टिम बर्टन यांनीही पात्रांची चमत्कारिक रेखाटने केली होती, ती वापरली गेली नाहीत. ॲनिमेटर आंद्रेआस देजा यांचा डिस्नीमधला हा पहिलाच चित्रपट. इतकी गुणी माणसे एका छताखाली असूनही एकच एक दृष्टी दिसत नाही. हॉर्न्ड किंगच्या दृश्यांत एक चित्रपट आहे आणि त्याचा चाकर क्रीपर पडद्यावर आला की दुसराच सुरू होतो.

संगीताचेही सांगते. एल्मर बर्नस्टाईन यांनी इथे ओंद मार्तेनो हे विद्युतवाद्य वापरले आहे. त्याचा स्वर मानवी गळ्यासारखा वाटतो पण मानवी नसतो, आणि कढईसाठी याहून योग्य आवाज सुचणे अवघड आहे. डिस्नीच्या परंपरेतली गाणी या चित्रपटात नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त या पार्श्वसंगीतावर आहे. पूर्ण प्रसंगाच्या लांबीनुसार बांधलेले संगीत प्रसंगाबरोबरच कापले गेले. मृतांचे सैन्य उठते तिथे डोळे मिटून ऐका. चढत जाणारा स्वर मध्येच तुटतो आणि पुढची ओळ भलत्याच जागेवरून सुरू होते. जोड कुठे आहे हे कानांना आधी कळते.

उत्तररात्र

कापलेला भाग आज कुठे पाहायला मिळतो का?

अक्षरवाट

तुकड्यांच्या रूपातच. कंपनीने हा चित्रपट अनेक वर्षे मागेच ठेवला होता. अमेरिकेत त्याची व्हिडिओ कॅसेट आली ती १९९८ मध्ये, म्हणजे प्रदर्शनानंतर तेरा वर्षांनी. २०१० च्या डीव्हीडीवर परीलोकाचा, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या इवल्या लोकांचा एक वगळलेला प्रसंग दिला आहे. त्या लोकांचा भाग मुख्य चित्रपटात घाईने उरकल्यासारखा का वाटतो, हे त्यावरून समजते. मृतांच्या सैन्याच्या दृश्यांतली काही सुटी सेल-चित्रे, म्हणजे पारदर्शक तक्त्यांवर रंगवलेली चित्रे, संग्राहकांकडून पुढे आली आहेत. सलग प्रसंग कंपनीने कधी दाखवलेला नाही.

ॲनिमेटर रिचर्ड विल्यम्स यांच्या 'द थीफ अँड द कॉबलर' या ॲनिमेशनपटाची गत वेगळी झाली. १९९२ मध्ये तो त्यांच्या हातून काढून घेतला गेला आणि दुसऱ्यांनी गाणी घालून, कापाकापी करून तो पुरा केला. परंतु विल्यम्स यांची अपुरी कार्यप्रत रसिकांच्या हाती लागली, आणि तिच्या आधाराने त्यांनी मूळ आराखड्याच्या जवळ जाणारी आवृत्ती जुळवली. 'ब्लॅक कॉल्ड्रन'ची अशी कार्यप्रत बाहेर आलेली नाही. मला अपेक्षा आहे ती पूर्ण पुनर्स्थापित आवृत्तीची नाही. मृत सैनिक आपल्याच माणसांवर उलटतात तेवढा प्रसंग, भले पेन्सिलच्या रेखाटनांत, पण बर्नस्टाईन यांच्या न तोडलेल्या संगीतासह उपलब्ध करून दिला, तर दीपस्तंभ आणि माझ्यात कोणाचे बरोबर, हे इथले सगळे स्वतः पाहून ठरवू शकतील.

दीपस्तंभ

त्या मागणीला माझाही पाठिंबा आहे. मी माझे मत बदललेले नाही, पण रानफूल यांनी एव्हनिस्येनची कथा सांगितल्यापासून त्या प्रसंगाकडे मी निराळ्या नजरेने पाहतो आहे. उत्तररात्र, तुम्ही पुस्तके वाचली नसतील तर 'द बुक ऑफ थ्री' या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करा, दुसरे पुस्तक संपवा, आणि मगच चित्रपट पाहा. एलिडिरचा शेवट वाचून झाल्यावर गुर्गीची उडी कशी वाटते, ते इथे जरूर लिहा.